पुढे गेलेल्या माणसाचे पाणी
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गोविंदपुरा, भोपाळ येथे दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा मी घेईन अशी चिटणिसांची अपेक्षा असावी. परंतु ते काम माझ्याहून जाणत्या मंडळींनी अगोदरच उत्तम रीतीने केले आहे. मी पेशाने शिक्षक. शिक्षकाची पुंजी म्हणजे वर्गात घडलेल्या गोष्टी. तेव्हा अशीच एक गोष्ट घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. ती आहे आफ्रिकेच्या वाळवंटातील मालमोटारींची. गोविंदपुऱ्यातील सभेत सहाराचे वाळवंट कशाला, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचे उत्तर शेवटी देतो, तोवर थोडा धीर धरावा.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये मी आठवीच्या वर्गात इब्न बतूताविषयी सांगत होतो. हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून ह्याच माळव्यातून, धार आणि उज्जैन पाहून दौलताबादेस गेला. पुढे मायदेशी परतल्यावर १३५२ साली त्याने सहारा ओलांडला. सिजिलमासाहून निघालेला त्याचा तांडा पंचवीस दिवसांनी तगाझा ह्या मिठाच्या खाणीच्या गावी पोहोचला. तेथली घरे मिठाच्या चिऱ्यांची आणि छपरे उंटाच्या कातड्यांची. त्यापुढे वलाता शहरापर्यंतची वाट सर्वांत कठीण. म्हणून तांडेवाले एका माणसास मोठी रक्कम देऊन पुढे धाडीत. त्याला 'तकशीफ' म्हणत. तो एकटा वलात्यास जाऊन पत्रे देई, आणि मग तेथील लोक पाणी घेऊन चार मुक्काम सामोरे येत. इब्न बतूता लिहितो की, हा माणूस वाटेत मेला तर वलात्याला वार्ता कळत नसे, आणि मागचा सारा तांडा किंवा त्यातील पुष्कळ लोक तहानेने मरत.

हे सांगून मी फळ्याकडे वळलो, तोच मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, सगळ्यांना पाणी मिळावं म्हणून तो पुढे गेला. मग त्याला स्वतःला वाटेत पाणी कोण देत असे?"

ह्या मुलाचे वडील येथील कारखान्यातून निघणाऱ्या अवजड ट्रान्सफॉर्मरचा ट्रेलर चालवितात आणि आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतात. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. इब्न बतूतानेही ते लिहिलेले नाही. घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. त्या उत्तराच्या शोधात मी जे वाचले, त्याचा सारांश आपणांस सांगतो.

उंटांच्या ह्या वाटांवर मोटार अवघ्या शंभर वर्षांपूर्वी आली. डिसेंबर १९२२ मध्ये सित्रोएन कंपनीच्या पाच गाड्या अल्जीरियातील तुगूर्तहून निघाल्या आणि ७ जानेवारी १९२३ रोजी तिंबक्तूस पोहोचल्या. त्यांच्या मागील चाकांना रबरी पट्टे होते. लवकरच मालमोटारी धावू लागल्या. तानेझ्रूफ्त नावाच्या अत्यंत निर्जल पठारावर खुणेसाठी पिंपे ठेविली गेली, आणि त्यांतील एका जागेचे नावच 'पाचवे पिंप' असे पडले. ज्या मुलखात पिंप हेच गाव, तेथे लॉरी चालविणे म्हणजे काय असेल ह्याची कल्पना आपण करावी.

तेथील चालकाची विद्या मोठी शिकण्यासारखी आहे. मऊ वाळू लागली की टायरमधील हवा कमी करावयाची, म्हणजे टायर पसरतो आणि रुततो कमी. तरीही चाक रुतलेच तर वाळू उपसून त्याखाली लोखंडी पत्रे सरकवावयाचे. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्राची सुई बहकते, म्हणून तबकडीवर उभ्या काडीची सावली पाहून दिशा धरावयाची. बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने महायुद्धापूर्वीच स्वतः भटकंती करून ह्यांतील कित्येक युक्त्या सिद्ध केल्या होत्या. त्यांपैकी एक मला फार आवडली. रेडिएटरचे तोंड बंद करून त्यातून एक नळी काढीत आणि तिचे टोक गाडीला बांधलेल्या, अर्धवट पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवीत. पाणी उकळले की वाफ डब्यात येऊन निवे, आणि इंजिन थंडावले की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. वाफसुद्धा वाया जाऊ द्यावयाची नाही!

दुसऱ्या महायुद्धात ह्याच वाळवंटात आपले हजारो हिंदी जवान होते. त्यांत मराठे होते, जाट, राजपूत, शीख होते, मुसलमान होते. लढाई तोफांची असली तरी तिचे पोट लॉरीवर चाले. पाणी, पेट्रोल, पीठ, सारे शेकडो मैल वाहून न्यावे लागे. दर माणशी दिवसाला साधारण एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर पाणी मिळे. पिणे, स्वयंपाक, तोंड धुणे आणि गाडीच्या रेडिएटरची तहानही त्यातच भागवावयाची, आणि कधी तेवढेही मिळत नसे. इंग्रजांचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके तकलादू असत की वाटेतच पाझरत. जर्मनांचे वीस लिटरचे मजबूत डबे हाती लागले की आपले चालक ते जिवापाड जपत. 'जेरीकॅन' हा शब्द तेव्हापासूनचा. आज आपल्या रस्त्यांवर ट्रकवाल्यांच्या हाती जो डबा दिसतो, तो त्याच घराण्यातला.

आता मुख्य घटना सांगतो. लिबियात बीर हकीम नावाची एक जागा आहे. नावाचा अर्थ हकिमाची विहीर. पण विहीर केव्हाच कोरडी पडलेली. तेथे मे १९४२ मध्ये जनरल केनिग ह्यांच्या हाताखाली स्वतंत्र फ्रान्सचे सुमारे ३,७०० सैनिक ठाण मांडून होते. जवळच आपली तिसरी हिंदी मोटार ब्रिगेड होती. २७ मे रोजी सकाळी इटलीच्या रणगाड्यांनी ती उधळून लाविली. पुष्कळ जवान पकडले गेले. त्यांपैकी सुमारे सहाशे जणांना शत्रूने पाण्यावाचून भर वाळवंटात सोडून दिले. हे तहानेने व्याकूळ झालेले लोक चालत चालत महिन्याच्या अखेरीस बीर हकीमच्या तळावर येऊन पोहोचले.

बंधुभगिनींनो, त्या क्षणाचा विचार करावा. आतल्या लोकांजवळ मोजके पाणी, भोवती शत्रू, आणि दारात सहाशे परके लोक. ना भाषा एक, ना देश, ना धर्म. नियमावर बोट ठेवून 'तुमचा शिधा आमच्याकडे नाही' असे म्हणता आले असते. पण फ्रेंचांनी त्यांना आत घेतले आणि आपल्या पाण्यातून पाणी दिले. पुढे पाणी घेऊन लॉऱ्यांचा एक तांडा तळावर आला, आणि परत जाताना त्याच लॉऱ्यांतून आमचे जवान, जखमी फ्रेंच सैनिक आणि शत्रूचे कैदीही सुखरूप मागे नेण्यात आले. त्या चालकांची नावे मला कोठे वाचावयास मिळाली नाहीत. पुढे १० जूनच्या रात्री फ्रेंचांनी वेढा फोडला, तेव्हा सेनापतीची मोटार गोळीबारातून हाकणारी सुसान ट्रॅव्हर्स ही एक स्त्री होती, हेही आपल्या भगिनींना सांगितले पाहिजे. त्यानंतर दहाच दिवसांत तोब्रुक पडले आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीतील आपले कित्येक मराठी जवान तेथे कैद झाले.

हे झाले पाणी देणाऱ्यांचे. न मिळाल्यास काय होते, तेही पाहावे. ऑक्टोबर २०१३ मध्ये नायजर देशात, अल्जीरियाच्या सीमेजवळ, ९२ माणसांची प्रेते सापडली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. पोटासाठी परमुलखात निघालेले हे लोक होते. वाटेत गाडी बिघडली, पाणी संपले, आणि वलात्याहून जसे लोक सामोरे येत तसे कोणीही आले नाही. त्याच नायजरमधील तेनेरेच्या वाळवंटात विहिरीपाशी एक एकटे बाभळीचे झाड होते. दूरदूरपर्यंत दुसरे झाड नव्हते, म्हणून प्रवासी त्याला खूण मानीत. १९७३ साली एका लॉरीच्या धक्क्याने तेही पडले. त्याचे खोड आज नियामेच्या संग्रहालयात आहे आणि जागेवर धातूचा खांब उभा आहे. खुणेपुरता तो पुरेसा आहे. सावली मात्र त्याची पडत नाही.

आता सहारातून गोविंदपुऱ्यास परत येऊ. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून स्थापन झालेला आपला कारखाना आणि भोवतीची औद्योगिक वसाहत ह्यांच्यामुळे आपल्यांपैकी बहुतेक कुटुंबे येथे आली. येथे घडलेले जड सामान देशाच्या कानाकोपऱ्यांत जाते. ते नेणारा चालक आणि त्याचा क्लीनर भर उन्हात आपल्या रस्त्यांच्या कडेला तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस, आपला नंबर लागण्याची वाट पाहत थांबतात. आपल्या गावांतील दिव्यासाठी पुढे गेलेला तकशीफ तो हाच.

ह्याच एप्रिलमध्ये, त्या तासानंतर थोड्याच दिवसांनी, असाच एक चालक हातात रिकामा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी आला आणि नळावरून पाणी भरून घेऊ का, असे विचारू लागला. दरवानाने बाहेरच्यांना आत सोडण्याची मनाई असल्याचे सांगितले. दरवानाची काही चूक नव्हती. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच तो नियम आहे. पण मी दहा पावलांवर उभा होतो. माझ्या हातात भरलेली बाटली होती. मी दोन पावले टाकून तो डबा आत आणून भरून देऊ शकलो असतो. नियमही मोडला नसता. मी तसे केले नाही. तास सुरू होणार होता, एवढे स्वतःस सांगून मी वर्गात गेलो. तो मनुष्य डबा घेऊन उन्हात निघून गेला. बीर हकीमची हकिकत वाचताना मला तो रिकामा डबा दिसू लागला, आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मीच कृतीने देऊन बसलो आहे हे मला उमगले.

आमच्या धर्मात पाणी नसेल तेथे स्वच्छ मातीने तयम्मुम करून नमाज पढण्याची सवलत आहे. तहानेला मात्र अशी सवलत नाही. वाटसरूंसाठी पाणी ठेवण्याच्या जागेला आम्ही 'सबील' म्हणतो, आणि ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'वाट' असा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावोगाव घातलेली पाणपोई हीच. वाट आणि पाणी ह्यांची फारकत आपल्या कोणत्याच परंपरेने केलेली नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक लहानशी सूचना आहे. आपल्या सभागृहाची जी भिंत रस्त्याला लागून आहे, तिच्या बाहेरच्या बाजूस एक नळ, दोन रांजण, एक बाक आणि वर पत्र्याची सावली एवढे करावे. नळाची तोटी डबा मावेल इतकी उंच असावी. फाल्गुनापासून आषाढापर्यंत रांजण भरण्याची पाळी कुटुंबांनी वाटून घ्यावी, म्हणजे आपली मुलेही त्यात येतील. पाटी लावावयाची झाल्यास देणगीदारांची नावे नकोत. 'पाणी' एवढा एकच शब्द हिंदीत आणि मराठीत लिहावा, तो पुरेसा होईल. पहिल्या आठवड्याची पाळी माझ्या घराकडे द्यावी, ही विनंती. ती मेहेरबानी मी करतो असे नाही. ते माझे राहिलेले देणे आहे.

आपण सूचना मान्य केलीत, तर सोमवारी मी आठवीच्या वर्गात जाऊन त्या मुलाला त्याचे उत्तर देऊ शकेन.