पुलाच्या पायाशी

मागच्या भागानंतर एका ताईंनी फोन करून विचारलं, "रोज ट्रक जातात तो पूल एका रात्रीत पडतो कसा?" आज त्याबद्दलच बोलू.

२ ऑगस्ट २०१६ची रात्र आपल्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. महाबळेश्वरच्या डोंगरात धो धो पाऊस, सावित्रीला पूर, आणि महाडजवळचा मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना पूल वाहून गेला. दगडी कमानींचा, १९२८ सालचा पूल. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी अंधारात नदीत गेल्या. शेजारचा नवा पूल मात्र उभा राहिला.

समुद्रावर लाटेत उभं राहिलं की परतणारं पाणी टाचेखालची वाळू ओढून नेतं आणि आपला तोल जातो ना? पुलाच्या खांबाचंही तसंच होतं. खांब आडवा आला की पाणी त्याच्या पुढ्यात खाली मुसंडी मारतं, दोन्ही बाजूंनी भोवरे धरतं आणि पायाजवळची माती खरवडून नेतं. वाहत आलेलं झाड अडकलं, तर जोर आणखी वाढतो. खरी फसगत पुढेच आहे. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो. उन्हाळ्यात पाहावं तर तळ सपाट दिसतो. पण तो गाळ भुसभुशीत, खांबाला आधार देत नाही. सावित्रीच्या त्या पुलाचीही मे महिन्यात पाहणी झाली होती. धोका नाही, असंच सांगितलं गेलं होतं. नुसतं वरून पाहून पायाचं कळत नाही, हे आम्हाला तेव्हापासून पटलंय.

वाळूउपशाने नदीचा तळ खाली जातो आणि पाया उघडा पडतो, हे तर आपण डोळ्यांनी बघतो. दगडांच्या सांध्यांत पिंपळ रुजला की मुळं सांधे फोडतात. नुसता शेंडा छाटून उपयोग नाही, तो पुन्हा फुटतो.

आमच्या ओढ्यावरच्या पुलाच्या दुसऱ्या खांबाचं खालचं काँक्रीट यंदा दिसू लागलंय. धुणं धुणाऱ्या बायकांनीच ते आधी पाहिलं. "पूर्वी इथे पाट्यासारखा सपाट दगड होता, त्यावर आम्ही कपडे आपटायचो. आता तिथे कमरेएवढं पाणी आहे," असं आमच्या आजी म्हणाल्या. रविवारी आम्ही काठी आणि टेप घेऊन प्रत्येक खांबापाशी खोली मोजणार आहोत, फोटो काढणार आहोत आणि तारखेसह अर्ज ग्रामसभेत देणार आहोत. पाणी कमी असेल तरच उतरू. सकाळी आठला, मारुतीच्या देवळापाशी या.