वार्षिकांक तपासताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचा अंक निघतो. कुणी त्याला नियतकालिक म्हणतं, कुणी वार्षिकांक. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या शुल्कात त्याच्या नावाची रक्कम असते, विद्यापीठं या अंकांच्या स्पर्धा घेतात, आणि परीक्षकांच्या टेबलावर जाडजूड गठ्ठे येऊन पडतात. ते तपासताना एक माप हटकून हाती घेतलं जातं: बाजारातलं मासिक किंवा दिवाळी अंक जसा दिसतो, तसा हा दिसतो का? कागद गुळगुळीत आहे का, मुखपृष्ठ देखणं आहे का, रंगीत पानं किती? व्यावसायिक मासिकाचं माप विद्यार्थ्यांच्या अंकाला लावायला माझी काहीच हरकत नाही. उलट ते आजच्यापेक्षा कडक लावावं, असं मला वाटतं. अडचण एवढीच, की ते लावलं जातं भलत्याच जागी. मासिकाचे जे संकेत आपण गृहीत धरतो त्यांतल्या प्रत्येकामागे वाचकाची, विक्रेत्याची, कायद्याची नाहीतर छापखान्याची एखादी गरज उभी असते. ती गरज ओळखून विद्यार्थ्यांनी संकेत पाळला का, किंवा ओळखून मोडला का, हे आधी बघायला हवं. देखणेपणाचे गुण त्यानंतर.

याचा सगळ्यात बोलका पुरावा अंकाच्या एका अशा पानावर असतो, जे कुणीच वाचत नाही. अनेक वार्षिकांकांत 'फॉर्म ४, नियम ८ पाहा' अशा मथळ्याखाली एक निवेदन छापलेलं असतं: प्रकाशनस्थळ, प्रकाशनाचा काळ, मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, संपादकाचं नाव आणि प्रत्येकापुढे 'राष्ट्रीयत्व: भारतीय'. हे निवेदन आलं ते वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांतून. त्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या नियतकालिकाने दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ते छापायचं असे, आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल ज्यांचं आहे अशा भागीदारांची नावंसुद्धा द्यायची. हेतू सरळ होता. छापलेल्या मजकुरामागे पैसा कुणाचा आणि जबाबदारी कुणाची, हे वाचकाला कळावं. त्याही मागे १८६७ चा कायदा होता. छापील कागदावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव पाहिजेच, हा त्याचा आग्रह. आता महाविद्यालयाच्या अंकात हे निवेदन असतं, पण लेखाखालचं छायाचित्र कुणी काढलं, मुखपृष्ठाचं चित्र कुठून घेतलं, एखाद्या लेखातली आकडेवारी कुठली, याचा मात्र पत्ता नसतो. जबाबदारी सांगण्याचा नमुना उतरवून घेतला आणि जबाबदारी राहून गेली. व्यावसायिक संकेतांची नक्कल अशीच होते.

मुखपृष्ठाचंही तेच. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपराच सुरू झाली. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं बघून लोक अंक उचलू लागले. त्या चित्रांचं काम होतं गर्दीत चालणाऱ्या माणसाला थांबवणं, पाकिटाकडे हात न्यायला लावणं. म्हणून बाजारातल्या अंकाच्या मुखपृष्ठावर आतल्या लेखांची जाहिरात असते, मोठ्या लेखकांची नावं असतात, किंमत असते. वार्षिकांक कुठल्याच स्टॉलवर टांगला जात नाही. तो ओळखपत्र दाखवून कार्यालयाच्या खिडकीतून घ्यायचा असतो. तेव्हा मुखपृष्ठावर चटकदार मथळे नाहीत म्हणून गुण कापणं अन्यायाचं आहे. मात्र महाविद्यालयाची इमारत, बोधचिन्ह आणि ब्रीदवाक्य एवढंच तिथे दरवर्षी येत असेल, तर यंदाच्या अंकात काय आहे याचा विचार मुखपृष्ठ करणाऱ्याने केलाच नाही, एवढं नक्की म्हणता येतं. चकचकीतपणाचं तर बोलायलाच नको. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत', दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून सुरू केलेलं 'आजचा सुधारक', यांच्याकडे डोळे दिपवणारं काही नव्हतं. त्यांचा वाचक वाद वाचायला येत होता, आणि अंकाची साधी मांडणी त्या वाचकाला शोभणारी होती.

एका बाबतीत मात्र वार्षिकांक भल्याभल्या मासिकांचे कान कापतात. ती बाब म्हणजे समूहछायाचित्राखालची ओळ. 'खुर्चीवर डावीकडून', 'मागील रांगेत उभे', मग प्रत्येक नाव, आडनाव, पद, आणि जो गैरहजर होता त्याचाही उल्लेख. हे इतकं बिनचूक का होतं? कारण त्या ओळीला वाचक आहे. चुकलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारायला येणार, ही धास्ती आहे. लग्नाचा अल्बम हाती आला की माणूस आधी स्वतःला शोधतो, तसाच हा अंक उघडला जातो. त्याच अंकातल्या बारा पानी लेखात एकच परिच्छेद दोनदा छापला गेला, तरी विचारायला कुणी येत नाही. मुद्रितशोधन विद्यार्थ्यांना जमत नाही असं नव्हे. फोटोओळीत ते जमलेलं आहे. वाचणारा समोर दिसला की संकेत आपोआप पाळले जातात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मासिक मासिक होतं ते संपादनामुळे, आणि संपादन म्हणजे निवड. 'सत्यकथे'चं नाव आजही निघतं ते तिच्या कागदामुळे किंवा खपामुळे निघत नाही. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाची कथा वाचत, तिच्यात काय बसत नाही ते पत्रातून कळवत, कथा परत जाई, पुन्हा लिहून येई, कधी पुन्हा परत जाई. 'साभार परत' हा शिक्का मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांनी सोसला, त्यावर चिडल्या, आणि त्याच शिक्क्यामुळे काही जण घडलेही. वार्षिकांकाच्या बहुतेक संपादक मंडळांकडे असा शिक्काच नसतो. सूचनाफलकावर आवाहन लागतं, मुदत वाढते, जे आलं ते मराठी, हिंदी, इंग्रजी अशा विभागांत वाटलं जातं आणि डीटीपीला जातं. मग दरवर्षी आईवर चार कविता, मैत्रीवर तीन, पाणीटंचाईवर एक निबंध. शिवाय मोबाइलवर फिरून फिरून गुळगुळीत झालेली एखादी बोधकथा कुणाच्या तरी नावावर. पानाखाली रिकामी जागा उरली की सुविचार आणि फुलाची वेलबुट्टी. मोकळी जागा मासिकालाही भरावी लागते, सोळा पानांच्या फर्म्याचा हिशेब कुणालाच चुकत नाही. पण तिथे चौकट घालायची की रेखाचित्र, की शेजारच्या लेखातली एक ओळ कापून तो वर घ्यायचा, हे संपादक ठरवतो. हे ठरवणारा माणूस अंकात आहे की नाही, हा माझ्या मते परीक्षेचा पहिला प्रश्न असावा. आणखी एक लक्षण बघावं. संपादकीय काढून टाकलं आणि गतवर्षीचं घातलं, तर काही बिघडेल का? बहुतेक अंकांत बिघडणार नाही. प्राचार्यांचं मनोगत, संस्थाचालकांचे शुभसंदेश, राष्ट्रीय सेवा योजना आणि जिमखान्याचे अहवाल यांना अंकात जागा असावी, संस्थेच्या दप्तरी त्यांची किंमत आहे. पण ते सुरुवातीची चाळीस पानं व्यापतात तेव्हा अंक कुणासाठी काढला, हे अनुक्रमणिकाच सांगून टाकते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे विद्यार्थी आहेत, लिहायला धजावले हेच पुष्कळ. अंकाचा उद्देश सगळ्यांना संधी देणं हा आहे, निवड करून मुलांचा हिरमोड कशाला? आक्षेप सद्भावनेतून येतो म्हणून त्याला गंभीरपणे उत्तर दिलं पाहिजे. सगळ्यांना संधी देण्याचं काम करणारं एक साधन महाविद्यालयात पूर्वीपासून आहे: भित्तिपत्रक. ते दर पंधरा दिवसांनी बदलता येतं, खर्च नगण्य, आणि जाता-येता वाचलं जातं. तिथे सगळ्यांना जागा द्यावी. अंकात मात्र संधीचा अर्थ निराळा असावा. आपलं लेखन कुणीतरी पेन्सिल घेऊन वाचलं, 'ही ओळ तुझी वाटत नाही' असं सांगितलं आणि पुन्हा लिहायला लावलं, ही संधी बहुतेक मुलांना आयुष्यात एकदाही मिळत नाही. जे आलं ते छापलं, याला उदारपणा म्हणता येईल. पण त्यात लेखन न वाचताच सोडून दिल्याची शक्यताही असते. आणि नाव छापून आल्याचा आनंद विझल्यावर शहाण्या मुलांच्या ते ध्यानात येतं.

दुसरा आक्षेप अधिक तोलामोलाचा आहे. व्यावसायिक संकेतांच्या मापाने तरुणांना मोजलं तर प्रयोग मरतील. मराठीतलं नवं काही झालं ते संकेत धुडकावूनच ना? हे अर्धं खरं आहे. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून. पुढे अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली, भालचंद्र नेमाड्यांचं 'वाचा' आलं, आणि प्रस्थापित मासिकांची सद्दी या पोरांनी हलवली. नियमित निघणं हा मासिकाचा पहिला संकेत. 'अनियतकालिक' म्हणवून घेत त्यांनी तोच नाकारला. पण ही मंडळी काय नाकारत होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'सत्यकथे'ला विरोध करणारे 'सत्यकथे'चे चांगले वाचक होते. निवडीच्या बाबतीत तर ही अनियतकालिकं प्रस्थापितांहून हट्टी होती, आपलं आणि परकं यांतली रेघ ती ठसठशीत ओढत. सायक्लोस्टाइलच्या पुसट अक्षरांवरून त्यांना कमी गुण देणारा परीक्षक हुकला असता, आणि निवडीवरून जोखणारा हुकला नसता. म्हणजे हा दाखला आक्षेपाच्या बाजूने जितका आहे, त्याहून जास्त माझ्या बाजूने आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. मासिकाला ग्राहक टिकवावा लागतो, म्हणून ते शिस्तीत राहतं. वार्षिकांकाचे पैसे आधीच वसूल झालेले असतात. मग शिस्त येणार कुठून? आणि खुद्द बाजारातल्या अंकांत तरी ती कुठे उरली आहे, जाहिरातींमध्ये मजकूर शोधावा लागतो अशी गत. दुसरा भाग मान्य करून टाकतो. वाईट दिवाळी अंक हे कुणासाठीच माप नव्हे. पहिल्या भागाला 'किर्लोस्कर'चा इतिहास उत्तर देतो. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ते निघालं 'किर्लोस्कर खबर' म्हणून, नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक. मागे कारखाना होता, खप नसता तरी ते चाललं असतं. तरी शं. वा. किर्लोस्करांनी वाचक शोधला, लेखक शोधले, व्यंगचित्रांना जागा दिली, आणि त्या पत्रकाचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच घरातून निघाली. संस्थेच्या पैशावर निघणारा कागद कायम संस्थेचाच अहवाल राहावा, असा काही नियम नाही. आता तर पुष्कळ महाविद्यालयं अंक छापतही नाहीत, पीडीएफ करून संकेतस्थळावर ठेवतात. फर्म्याचा धाक गेला, पानं कितीही वाढवता येतात, आणि निवडीला उरलेलं शेवटचं बाहेरचं कारणही संपलं. यापुढे निवड व्हायची तर ती कुणीतरी मनावर घेतली म्हणूनच होणार.

एक बाहेरचा दाखला इथे उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये माध्यम-अभ्यास घेणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एका परीक्षा मंडळाने बरीच वर्षं संगीतविषयक मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जोडपानावरचा लेख तयार करायला लावला. त्यानंतर त्यांना विचारलं जाई, की खऱ्या मासिकांचे संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे पुढे नेले आणि कुठे झुगारले? उत्तर अंक करणाऱ्या मुलानेच लिहायचं. परीक्षेसाठी पाठ केलेली उत्तरं तिथेही येत असणार, ते सोडून देऊ. पण प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला. आपल्याकडे तो परीक्षकाने स्वतःशी विचारायचा, गुणपत्रिका भरायची आणि गठ्ठा परत करायचा. विद्यार्थी संपादकाला कळतं ते फक्त क्रमांक आला की नाही एवढंच.

तेव्हा स्पर्धा घेणाऱ्यांनी अंकाबरोबर आणखी एक गोष्ट मागवावी, असं सुचवतो. विद्यार्थी संपादकांनी दोन पानांचं टिपण द्यावं: काय नाकारलं आणि का, कोणता लेख परत पाठवून पुन्हा लिहून घेतला, कोणता नेहमीचा विभाग यंदा गाळला. सोबत एका लेखाचा पहिला खर्डा आणि छापलेला मजकूर, दोन्ही जोडावेत. यात कुणी बनवाबनवी करेल का? करेलही. पण खोटा खर्डा तयार करायला बसलेल्या मुलालासुद्धा चांगल्या लेखातून वाईट लेख उलटा लिहून काढावा लागेल, आणि तेवढ्यापुरतं तरी त्याचं संपादनाचं शिक्षण होईल.