वाहनचोरी, जीपीएस आणि आपण

(लालबाग परिसरातील मराठी रहिवाशांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



लालबाग पॅलेसचे ते मोठे फाटक आपण सगळे लहानपणापासून पाहत आलो. होळकरांनी ते लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर विलायतेत ओतवून जहाजाने आणवले. राजवाड्याची सोय झाली. आपल्या गाड्या मात्र फाटकाबाहेरच असतात. मालवा उत्सव भरला की आत लोकनृत्ये चालतात आणि बाहेर रस्त्याच्या कडेला स्कूटरींची रांग लागते. आपल्या जुन्या घरांचेही तेच. आजोबांनी घर बांधले तेव्हा एक सायकल ओसरीत येत असे. आज त्याच घरात तीन दुचाक्या आणि एक कार आहे, ओसरी मात्र तेवढीच. म्हणून गाडी रात्रभर गल्लीत.

त्यात इंदूर आहे आग्रा-मुंबई रस्त्यावर. रात्री दोनला उचललेली गाडी आपण सकाळी दार उघडेपर्यंत महाराष्ट्राच्या किंवा गुजरातच्या सीमेपर्यंत जाऊ शकते. पुढे तिचे सुटे भाग झाले की शोध संपलाच. तेव्हा या विषयात पहिले चार-पाच तास महत्त्वाचे, आणि जीपीएसचा उपयोग आहे तो याच तासांत.

हे यंत्र काय करते ते आधी समजून घ्या, कारण दुकानदार ते सांगत नाही. जीपीएस उपग्रह आपल्या गाडीकडे बघत वगैरे नसतो. यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकते आणि आपण कुठे आहोत याचे गणित करते, एवढेच. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवली होती, त्यामुळे शंभरेक मीटरचा फरक पडे. ती काढल्यावर गल्लीतली गाडी गल्लीतच दिसू लागली. पण हे ठिकाण तुमच्या फोनपर्यंत पोचवण्याचे काम उपग्रह करीत नाही. ते यंत्रातले मोबाइलचे सिम करते. सिमचा रिचार्ज संपला, गाडी तळघरात नेली किंवा चोराने वायर तोडली, की नकाशावर उरते ते शेवटचे ठिकाण.

म्हणून घेताना तीन गोष्टी विचारा. सिमची मुदत किती आणि पुढे दरवर्षी खर्च किती? गाडीच्या बॅटरीची वायर तोडल्यावर चालेल अशी आतली बॅटरी आहे का? आणि वायर तुटताक्षणी फोनवर इशारा येतो का? कारच्या स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचे यंत्र बसवायला सोपे, तसेच काढायलाही. विश्वासाच्या मिस्त्रीकडून आत दडवून बसवलेले बरे. काही यंत्रांत फोनवरून इंजिन बंद करण्याची सोय असते. ती चालत्या गाडीवर कधीही वापरू नका. चोर पडेल तो पडेल, मागून येणाऱ्या निरपराध माणसाचे काय?

काही तरुण मंडळी किल्लीला लावायचे ब्लूटूथचे बिल्ले गाडीत ठेवतात. स्वस्त आहेत, वाईट नाहीत. पण कुणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी बिल्ला सोबत फिरत असेल तर आजचे फोन तसे कळवतात. म्हणजे तुमचा बिल्ला चोरालाच सावध करणार!

नकाशावर ठिकाण दिसले की पोराबाळांनी स्वतः तिकडे धाव घेऊ नये. ठिकाण पोलिसांना दाखवावे. हद्दीच्या वादात पडू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर ठाण्याने घ्यायची आहे. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्या, भिडेखातर राहू नका.

आता विमा. इथे आपल्या घरांचे खरे नुकसान होते. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. लोकांना वाटते, पाच वर्षांचा विमा आहे, काळजी मिटली. पण चोरीचे संरक्षण त्यात नसते. ते पुष्कळदा पहिल्या वर्षापुरतेच घेतलेले असते आणि दुसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षातही नसते. पेन्शनीत घेतलेली स्कूटर अशीच जाते. आज घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि ‘ओन डॅमेज’ची तारीख वाचा. दोन्ही किल्ल्या जपा, विमा कंपनी दोन्ही मागते. पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी यंत्र असेल तर हप्त्यात थोडी सूटही विचारा.

चोरी झाल्यावर एफआयआर त्याच दिवशी करा आणि विमा कंपनीलाही कळवा. कळवायला उशीर झाला म्हणून कंपन्या दावे फेटाळत. एका ट्रॅक्टरच्या चोरीत ५२ दिवसांचा उशीर दाखवून दावा नाकारला होता. पोलिसांत तक्रार ताबडतोब झालेली असेल तर एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले.

दुसरा निकाल नोव्हेंबर २०१९ चा. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून पाहुण्याची मारुती झेन गेली. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे होती आणि पावतीवर छापले होते, जबाबदारी मालकाची. न्यायालय म्हणाले, गाडी ताब्यात घेतली आणि निष्काळजीपणा केला, तर त्या छापील ओळीमागे लपता येणार नाही. निकाल हॉटेलपुरता, हे खरे. पण आपल्या जत्रा-मेळ्यांत ठेकेदार पैसे घेऊन चिठ्ठी देतो आणि तीच ओळ छापतो. त्याला याच न्यायाने प्रश्न विचारायचा की नाही?

सार्वजनिक प्रवासी वाहनांत, नव्या नोंदणीच्या वेळी, स्थानदर्शक यंत्र २०१९ पासून सक्तीचे आहे. दुचाकी-तीनचाकीला वगळले आहे. सगळ्यांवर सक्ती करा असे मी म्हणत नाही. खर्चाचा भार आपणच का घ्यावा? रस्ता पालिकेचा, पार्किंगचा ठेका पालिकेचा, गस्त पोलिसांची, आणि सुरक्षेचा खर्च मात्र नागरिकाचा, हे उलटे आहे. मेळ्याच्या मैदानात दिवे, ठेकेदाराच्या करारात चोरीची जबाबदारी आणि रात्रीची गस्त, या तीन गोष्टी वॉर्डात मते मागायला येईल त्या प्रत्येकाला विचारा. पक्ष कुठलाही असो.

एक घरातली गोष्टही सांगतो. सुनेच्या स्कूटीचा नकाशा सासूबाईंच्या फोनवर दिसावा, यासाठी हे यंत्र नाही. (हशा) हसू नका, अशी घरे आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे. जो गाडी चालवतो त्याला यंत्राची माहिती असावी आणि पासवर्डही त्याच्याच हाती असावा.

दाराशी टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. जाताना एकेक घेऊन जा. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि विम्याची शेवटची तारीख लिहून घरच्या पेटीत ठेवा. पालिकेला द्यायच्या निवेदनावर सह्या तिथेच घेतल्या जात आहेत.