पाटणचा शिलालेख आणि संशोधकांचीं नियतकालिकें

जळगांव जिल्ह्यांतील चाळीसगांवापासून नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर, डोंगराच्या कुशींत पाटण नांवाचें जुनें स्थळ आहे. तेथें भवानीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू पुष्कळ. देवळांतील शिलालेखापुढें थांबणारे मात्र थोडे. लीलावतीचे कर्ते भास्कराचार्य यांच्या घराण्याचा वृत्तांत याच दगडानें जपून ठेवला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरीं मुख्य ज्योतिषी होते. आजोबांचे सिद्धांतशिरोमणि इत्यादि ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनीं येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील मांडलिक सोइदेव यानें त्या मठास देणगी दिली. मठ आज नाहीं. लेख आहे, म्हणून मठाची वार्ता तरी आहे.

हा लेख विद्वानांपुढें आणला मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं. रोग्यांच्या गर्दींतून उसंत काढून ते जुनीं नाणीं, ताम्रपट व शिलालेख यांच्या मागें असत. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल व भास्कराचार्य यांच्या काळाविषयींचा त्यांचा निबंध १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापला गेला आणि पाटणच्या लेखाचा परिचय त्यांतच झाला. लंडनच कां? कोलब्रुकसाहेबानें लीलावती व बीजगणित यांचें इंग्रजी भाषांतर १८१७ सालींच प्रसिद्ध केलें होतें. हिंदूंचें गणित किती जुनें व किती स्वतंत्र, हा वाद तिकडे रंगला होता. त्या वादांत खानदेशच्या डोंगरांतला एक साक्षीदार उभा करावयाचा, तर कज्जा जेथें चालू होता तेथेंच त्याला नेणें भाग होतें.

अशा नियतकालिकाकडे लेख धाडावयाचा म्हणजे काय काय लागतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सुंदर भाषा ही त्यांतली शेवटची गोष्ट. आधीं दगड स्वच्छ धुवावयाचा, त्यावर ओला कागद बसवावयाचा, आणि कुंचल्यानें ठोकठोकून तो अक्षरांच्या खांचांत उतरवावयाचा. मग शाईची उशी हलक्या हातानें फिरवली कीं काळ्या भूमीवर पांढरीं अक्षरें उमटतात. हाच ठसा. संपादकाला प्रथम तो पाहिजे असतो, कारण वाचणाऱ्याची कल्पना आणि दगडाची अक्षरें यांतला भेद तोच दाखवितो. मग ओळीमागून ओळ जशी आहे तशी उतरावयाची; झिजलेलें अक्षर तर्कानें भरलें तर तें कंसांत घालावयाचें; खोदणाऱ्याची चूक वाटली तरी ती मूळांत सुधारावयाची नाहीं, टीपेंत सांगावयाची. हौशी संशोधक बहुधा येथेंच घसरतो. त्याला लेख ‘शुद्ध’ करण्याची घाई होते, आणि जें सांपडलें तेंच तो पुसून टाकतो.

यानंतर काळाची पारख. पाटणच्या लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा व चंद्रग्रहण असा उल्लेख आहे. परंतु प्रभव संवत्सर येतो शके ११२९ मध्यें! एका वर्षाचा हा फरक नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. तो गणितानें काढावा लागतो, आणि गणितानें हा दिवस इ. स. १२०७ च्या ऑगस्टांत जातो. ज्योतिष्याच्या नातवाच्या मठाचें दानपत्र, आणि त्याच्याच तारखेला ज्योतिषाची कसोटी! १८९२ सालीं निघालेल्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत कीलहॉर्न यांनीं हा लेख पुन्हा संपादिला. म्हणजे भाऊ दाजींचें वाचन सत्तावीस वर्षांनीं फिरून तपासलें गेलें. ते स्वतः १८७४ सालींच निवर्तले होते. पण त्यांनीं मूळ पुढें ठेवलें होतें म्हणूनच दुसऱ्याला तें तपासतां आलें.

हें काम केवळ राजधानींतल्या मंडळींचें, असें कोणी समजूं नये. शंकर बाळकृष्ण दीक्षित १८८९ पासून कांहीं वर्षें धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलांत शिक्षक होते. महाविद्यालयाची पदवी नाहीं, मोठें ग्रंथालय हाताशीं नाहीं. तरी मूळ सूर्यसिद्धांतावरील त्यांचा निबंध १८९० सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’नें छापला. त्याच गृहस्थांनीं आपला भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मात्र मराठींत लिहिला व १८९६ सालीं प्रसिद्ध केला. पारखणाऱ्यांसाठीं इंग्रजी आणि घरच्यांसाठीं मराठी, असे दोन दरवाजे त्यांनीं उघडे ठेवले. इतिहासाचार्य राजवाडे यांना ही तडजोड मान्य नव्हती. ते मराठींतच लिहीत राहिले. ज्याला पाहिजे त्यानें मराठी शिकावें, असा त्यांचा बाणा. १९२६ च्या अखेरीस धुळ्यांत त्यांचा देह पडला, आणि त्यांच्या नांवानें तेथें निघालेल्या संशोधन मंडळानें ‘संशोधक’ हें मराठी त्रैमासिक चालविलें. बाण्याची किंमत अर्थातच पडते; मराठींतला शोध परक्या विद्वानाच्या कानीं उशिरा जातो, कधीं कधीं जातच नाहीं. पण इंग्रजीचीही किंमत आहे, आणि ती पाटणच्याच दगडावर मोजतां येते.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. परदेशी विद्वानांस गोडी वाटली ती त्यांतील वंशावळीची: त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतच्या पिढ्यांची. शेवटच्या थोड्या ओळी मात्र त्या काळच्या मराठींत आहेत. मठास काय पोंचवावयाचें तें त्यांत सांगितलें आहे, आणि तें ज्यांनीं द्यावयाचें त्यांना संस्कृत येत नव्हतें. ज्ञानेश्वरीच्या आधीं ऐंशींहून अधिक वर्षें लिहिलेल्या या ओळी मराठी भाषेच्या अभ्यासकाला वंशावळीइतक्याच मोलाच्या आहेत. पेठेंत जितके घाणे चालतील, तितक्यांनीं मठाला पळीपळी तेल द्यावें, असें त्यांत नमूद आहे.