अब्बांची ठासणीची बंदूक

कर्जतच्या आमच्या घरी माजघरात ठासणीची बंदूक टांगलेली असे. भातात रानडुकरे शिरली, की अब्बा दारू ठासून हवेत बार काढीत.

अब्बा गेले आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. वारसाने मुदतीत परवाना मिळवावा किंवा परवानाधारकाला ती विकावी; नाहीतर ती सरकारजमा, असा कायदा.

खालापूरचे एक शौकीन ती पाहून आले. "भाई, मागाल ते देतो," म्हणाले. पण त्यांच्याकडे दोन बंदुका आधीच होत्या, आणि २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला तीनऐवजी दोनच ठेवता येतात. एक विकायची, तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे. माझी मुदत तर सरत आलेली.

शेजारच्या शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. त्याने निम्मी किंमत सांगितली. शौकिनाच्या भिंतीवर ती जपली गेली असती, हे खरे. तरी मी शेतकऱ्यालाच दिली. परवान्यावर नोंद झाली, मी सही केली.

भात पोटरीला आले, तेव्हा एका रात्री बांधावरून बार ऐकू आला. मी अंथरुणात उठून बसलो. वाटले, अब्बा अजून राखणीला आहेत.