पाटी काहीही म्हणू दे, बिल मागा



'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ही पाटी वाचली नाही असा इथं कोणी आहे का? बेळगावात, निपाणीत, पलीकडं कोल्हापुरात, सगळीकडं तीच. पण कायद्यात तिला किंमत किती, हे कोणी सांगत नाही. आज तेवढंच बोलतो.

१९३० चा माल विक्री कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १६ मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, वस्तू कशासाठी हवी ते तुम्ही सांगितलं आणि दुकानदाराच्या माहितीवर विसंबून घेतली, तर ती त्या कामाला यायलाच हवी. (कंपनीचं नाव घेऊनच मागितली, तर ही अट लागत नाही.) दोन, त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारात त्या नावानं खपण्याजोगा हवा. हे बिलावर छापलेलं नसलं तरी कायदा धरून चालतो. मात्र माल तपासून घेतला असेल, तर तेव्हाच दिसायला हवा होता असा दोष नंतर सांगता येत नाही. बघायचं तर नीट बघा.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणखी पुढं जातो. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. सदोष माल परत घेऊन बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे न देणं हीसुद्धा. रंग आवडला नाही, तर दुकानदाराची मर्जी. माल सदोष असेल, तर पाटी चालत नाही.

आता आपल्या सीमाभागाचा मुद्दा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या एका काकांनी कोल्हापुरातून फवारणी पंप आणला. तिसऱ्या दिवशी गळायला लागला. दुकानदार म्हणाला, "इकडं येऊन केस करा." १९८६ च्या कायद्यात तसंच होतं: दुकानदार जिथं किंवा व्यवहार जिथं, तिथं तक्रार. नव्या कायद्याच्या कलम ३४ नं ते बदललं. आता आपण राहतो किंवा कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. काकांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी नोटीस पाठवली, 'बेळगावच्या आयोगात तक्रार करणार' असं लिहून. आठवड्यात पंप बदलून आला.

"शेतकरी ग्राहक नाही" असं कोणी म्हटलं तर २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा. राष्ट्रीय बियाणे निगमाविरुद्ध आंध्रातले शेतकरी लढले. बियाणं सदोष असल्याची त्यांची तक्रार होती. निगम म्हणालं, हे ग्राहक नव्हेत, आणि नमुना प्रयोगशाळेत का दिला नाही? न्यायालय म्हणालं, शेतकरी ग्राहकच आहेत, आणि ते सगळं बियाणं पेरतात. नमुना राखून ठेवतील अशी अपेक्षा धरता येत नाही.

मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लागलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं. आधी विचारायचं असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

घरी गेल्यावर एक काम करा. आई-बाबांनी या हंगामात घेतलेल्या खत-बियाण्याची बिलं शोधा, पिशवीवरच्या लॉट नंबरासकट फोटो काढून ठेवा. बिल दिलं नसेल, तर उद्याच दुकानात जाऊन मागा.