मोजपट्टी ज्याची त्याची



७ नोव्हेंबर २०१३ रोजी आपल्या याच शहरात, ईडन गार्डन्सवर, सचिन तेंडुलकर आपला १९९वा कसोटी सामना खेळत होता. निवृत्तीची घोषणा महिन्याभरापूर्वीच झाली होती. कोलकात्याला त्याच्याकडून निरोपाचे शतक हवे होते. २४ चेंडूंत १० धावा करून तो पायचीत झाला. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या रोहित शर्माने १७७ धावा केल्या आणि भारताने तिसऱ्याच दिवशी डावाने विजय मिळवला.

सचिनच्या त्या अखेरच्या काळाविषयी दोन मते ऐकू येत. भक्त म्हणत, त्याला मोजणारे आपण कोण? टीकाकार म्हणत, पूर्वीचा सचिन आता उरला नाही. या दोन्ही मतांची शहानिशा त्याच्याच कारकिर्दीच्या आधारे करावयास हवी.

जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला काढलेल्या १४६ धावा हे त्याचे शेवटचे कसोटी शतक. त्यानंतरच्या २३ कसोटींत त्याची सरासरी ३२.३४ राहिली. एखाद्या सामान्य फलंदाजाचे एवढ्यावर निभावले असते. पण २०० कसोटींतील १५,९२१ धावांची त्याची सरासरी ५३.७८ आहे. घसरण खरी होती. प्रेमापोटी ती झाकणे म्हणजे त्याने स्वतःच घालून दिलेल्या दर्जाचा अवमान होय.

मात्र टीकाकारांची तुलनाही न्याय्य नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे २०१० चा सचिन होता : एका वर्षात १,५६२ धावा आणि सात शतके. ते त्याच्या कारकिर्दीचे शिखर होते. ५३.७८ या आकड्यात जसे २०१० आहे, तसेच २००३ ही आहे. त्या वर्षी पाच कसोटींत त्याची सरासरी अवघी १७ होती. त्या पडत्या काळात ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर ड्राइव्ह मारताना आपण बाद होतो, हे त्याने ओळखले. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह निग्रहाने बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या. दोष नेमका सापडला, म्हणूनच तो सुधारता आला.

चाळिशीत प्रत्येक उणीव अशी भरून निघत नाही. अशा वेळी थांबण्याचा निर्णय घेणे हाही प्रामाणिक हिशेबाचाच भाग असतो. वानखेडेवरील अखेरच्या डावात त्याने ७४ धावा केल्या. शतक हुकले म्हणून अनेकजण हळहळले; स्वतःच्या सरासरीपेक्षा त्या वीस धावा अधिक होत्या, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

पालकहो, पाल्याचे प्रगतिपुस्तक हाती घेताना याचे स्मरण असावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, हे आपण सारेच जाणतो. परंतु मुलाच्या एका सर्वोत्तम वर्षाशी त्याचे प्रत्येक वर्ष ताडून पाहणे हाही तितकाच अन्याय आहे. कमी पडलेले गुण लपवू नयेत आणि त्यांवरून मुलाची किंमतही ठरवू नये. नेमके कोठे अडले, हे त्याच्याजवळ बसून शोधावे. हीरक महोत्सवी वर्षात आपल्या शाळेनेही स्वतःला याच मोजपट्टीने मोजावे. भरभराटीच्या वर्षांचा अभिमान बाळगताना ओढाताणीची वर्षेही तिने त्याच हिशेबात धरावीत.